पन्नास तासांचा विज्ञानशिक्षक

उत्तर दिल्लीच्या रिजवर, म्हणजे अरवली पर्वताच्या शेवटच्या टोकावर, हिंदूराव नावाचा परिसर आहे. हे नाव मराठी आहे, हे दिल्लीतील फार थोड्यांना ठाऊक असते. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू, एकोणिसाव्या शतकात येथे राहिले. त्यांची कोठी १८५७ च्या रणधुमाळीत गोळागोळीने चाळणी झाली आणि पुढे तिच्याच नावाने महापालिकेचे मोठे रुग्णालय उभे राहिले. परंतु हा लेख इतिहासाचा नाही. हिंदूरावच्या चढावर उभे राहून चहूकडे दृष्टी टाकली असता प्रशासनाचे जे एक विलक्षण चित्र दिसते, त्याविषयी मला लिहावयाचे आहे.

येथून तीन-चार किलोमीटरांच्या परिघात दिल्ली विद्यापीठाचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र हे विभाग आहेत. वल्लभभाई पटेल छातीरोग संस्था आहे. मॉल रोडवर सीएसआयआरच्या जीनोमिक्स व समवेत जीवविज्ञान संस्थेचा परिसर आहे. तिमारपूरच्या बाजूस संरक्षण संशोधनाच्या दोन प्रयोगशाळा आहेत, एक अण्वीय वैद्यकाची व दुसरी घनावस्था भौतिकीची. खुद्द हिंदूराव रुग्णालयाला २०१३ पासून वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. आणि याच परिघात मलकागंज, रूपनगर, शक्तिनगर, तिमारपूर येथील सरकारी शाळांतून विज्ञान शिकविणारे शेकडो शिक्षक रोज ये-जा करतात. यांपैकी किती शिक्षकांनी यांतील एखाद्या प्रयोगशाळेत सलग सहा आठवडे काम केले असेल? सहली सोडा, उद्घाटने सोडा, विज्ञानदिनाची व्याख्याने सोडा. काम.

हा प्रश्न विचारला की सरकारी उत्तर ठरलेले असते : प्रशिक्षणे होत आहेत. ती होतातच. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला पन्नास तासांचा निरंतर व्यावसायिक विकास सांगितला. ‘निष्ठा’ हा कार्यक्रम २०१९ मध्ये प्राथमिक स्तरासाठी आला, २०२१ मध्ये माध्यमिकसाठी. ‘दीक्षा’ मंचावर घटक उघडायचा, चित्रफीत पाहायची, प्रश्नावली सोडवायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे मला या पन्नास तासांच्या एककाविषयीच शंका आहे. तास हे एकक बेरजेला सोयीचे आहे. म्हणून ते प्रशासनाला प्रिय आहे. परंतु संशोधनाचे तास एकमेकांच्या बदली चालत नाहीत. सोमवारी लावलेले जीवाणूसंवर्धन बुधवारी बिघडलेले दिसते, गुरुवारी कारण शोधावे लागते, शुक्रवारी पुन्हा लावावे लागते. या पाच दिवसांतील प्रत्यक्ष हातकामाचे तास मोजले तर कदाचित सहा भरतील. तेच सहा तास वर्षभरात एकेक तासाने वाटून दिले तर काहीच भरत नाही.

विशेष म्हणजे ही समज आपल्याकडे नव्हती असे नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, असे सुचविले होते. आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हे येथल्याच, दिल्ली विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले. आजच्या धोरणाचे वर्षाला पन्नास याप्रमाणे पाच वर्षांचे अडीचशे तास होतात. दिवसाला सहा तास धरले तर सुमारे बेचाळीस दिवस. म्हणजे प्रमाणाच्या दृष्टीने आपण कोठारींपासून फार दूर नाही. दूर गेलो आहोत ते सलगतेपासून. पाच वर्षांतून एकदा बेचाळीस दिवस देण्याऐवजी आपण ते बेचाळीस दिवस चूर्ण करून पाच वर्षांवर भुरभुरतो.

त्याच काळात, १९६३ पासून, विद्यापीठ अनुदान आयोग, एनसीईआरटी आणि अमेरिकेची मदत यांतून विज्ञानशिक्षकांसाठी उन्हाळी संस्था सुरू झाल्या. स्पुटनिकनंतर अमेरिकेने आपल्या शाळांसाठी जे नवे भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे अभ्यासक्रम घडविले होते, त्यांची ओळख भारतीय शिक्षकांना त्यांतून झाली. त्या उपक्रमाचे मोल मी कमी करीत नाही. पण त्यांचा भर विषयज्ञानावर होता. शिक्षक विद्यापीठात आला तरी तो वर्गातच बसला. संशोधकाच्या टेबलाशी पोचला नाही.

याहून पुढे गेलेला प्रयोग आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला. दिल्ली विद्यापीठातले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक तेथे जाऊन शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करीत. शिक्षकांना उन्हाळ्यात तीन आठवड्यांचे निवासी प्रशिक्षण, वर्षभर मासिक बैठका, आणि परीक्षा पुस्तक उघडे ठेवून. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यात पसरला, १९८२ मध्ये ‘एकलव्य’ने तो हाती घेतला, आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. तीस वर्षे शिक्षक घडविणारी यंत्रणा बंद करावयास एक आदेश पुरला. महाराष्ट्रातही मुंबई महापालिकेच्या शाळांतून आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोद्यातून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात असेच मुळाशी जाणारे काम केले. पुण्याच्या आयुकात जयंत नारळीकरांच्या काळापासून शाळकरी मुले उन्हाळ्यात आठवडाभर शास्त्रज्ञांबरोबर प्रकल्प करतात. फार सुंदर कल्पना. मात्र मूल आठवड्याने परत जाते ते ज्या वर्गात, तेथला शिक्षक होता तसाच असतो.

वाचकांपैकी काही जण विचारतील की माध्यमिक शाळेत प्रकाशाचे परावर्तन आणि ओमचा नियम शिकविणाऱ्यास संशोधनाचा अनुभव हवा कशाला? या आक्षेपाचे उत्तर कोणत्याही शाळेच्या प्रयोगवहीत आहे. ओमच्या नियमाचा आलेख काढताना पाच बिंदू सरळ रेषेत येतात आणि एक बाहेर पडतो. जोडणी सैल असेल, कळ फार वेळ दाबून ठेवल्याने तार तापली असेल. विद्यार्थी काय करतो? खोडरबर घेतो. शिक्षक काय करतो? सहाही बिंदू रेषेवर असलेल्या वहीला पूर्ण गुण देतो. ज्याने स्वतः कधी, उत्तर कोणालाच ठाऊक नाही अशा प्रश्नावर काम केलेले नाही, त्याला तो बाहेर पडलेला बिंदू चूक वाटणारच. संशोधकाला तोच बिंदू सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा फरक चित्रफितीने शिकविता येत नाही. त्यासाठी आपला स्वतःचा प्रयोग दोन-चार वेळा फसावा लागतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी माणसाने खोडरबर मागितलेले नसावे लागते. शिवाय आपण आपल्या परीक्षापद्धतीने या वृत्तीला किती किंमत दिली आहे तेही पाहा : केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या शंभर गुणांत प्रात्यक्षिकासह विषयसमृद्धीला पाच गुण.

पुरावा मागणाऱ्यांसाठी पुरावाही आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९९० मध्ये शहरातील माध्यमिक विज्ञानशिक्षकांसाठी सलग दोन उन्हाळे, प्रत्येकी आठ आठवडे, प्रयोगशाळेत प्रत्यक्ष संशोधन करण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. प्रवेशाच्या आदल्या वर्षी या शिक्षकांचे आणि इतरांचे विद्यार्थी राज्याच्या विज्ञान परीक्षेत सारख्याच प्रमाणात उत्तीर्ण होत होते. तिसऱ्या व चौथ्या वर्षी सहभागी शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचे उत्तीर्णतेचे प्रमाण १०.१ टक्क्यांनी अधिक होते. शिक्षकांची गळती घटली आणि गुंतविलेल्या प्रत्येक डॉलरमागे १.१४ डॉलरची बचत झाली. मी या आकड्यांनी हुरळून जाणार नाही. संख्याशास्त्रीय कसोटीवर तो फरक जेमतेम उतरतो, आणि अर्ज करणारा शिक्षक मुळातच उत्साही असतो हा निवडीचा दोष राहतोच. परंतु या अभ्यासातील जी गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते ती वेगळी आहे : फळ तिसऱ्या वर्षी दिसले. आमच्याकडे पैसा एप्रिलनंतर मंजूर होतो, डिसेंबरात पोचतो आणि मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र मागितले जाते. तिसऱ्या वर्षी पिकणारे फळ या दिनदर्शिकेत नापीक जमीन म्हणून नोंदले जाते.

आता आपले आकडे. सीएसआयआर आणि केंद्रीय विद्यालय संघटन यांच्यात ६ जुलै २०१७ रोजी ‘जिज्ञासा’ कार्यक्रमाचा करार झाला. ३८ राष्ट्रीय प्रयोगशाळा, ११५१ केंद्रीय विद्यालये. लक्ष्य वर्षाला एक लाख विद्यार्थी आणि सुमारे एक हजार शिक्षक. दर शाळेमागे एक शिक्षकही नाही! एक विद्यार्थी एकदाच येतो. एक शिक्षक पुढील वीस वर्षे दरवर्षी दोनशे विद्यार्थ्यांसमोर उभा राहतो. कोणत्याही गुणकाने गणित केले तरी प्राधान्य उलटे हवे होते. पण लाख हा आकडा पत्रकात शोभतो.

दुसरे उदाहरण अटल टिंकरिंग प्रयोगशाळांचे. दहा हजार शाळांना या योजनेत प्रत्येकी वीस लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. त्रिमितीय मुद्रक, संवेदक, सूक्ष्मनियंत्रक, सगळे आले. एका शिक्षकाच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगशाळा-वास्तव्याला, विद्यावेतन, रसायने व प्रवास धरून, एक लाख रुपये लागतील असे मी सढळ हाताने धरतो. म्हणजे एका टिंकरिंग प्रयोगशाळेच्या खर्चात वीस शिक्षक. यंत्रखरेदीची निविदा निघते, फीत कापली जाते, मालमत्ता नोंदवहीत क्रमांक पडतो. शिक्षकाच्या हाताला आलेले कसब कोणत्या नोंदवहीत चढवायचे? ते चढत नाही, म्हणून ते विकत घेतले जात नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी मार्ग आहेत. तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या आहेत, ‘तारे’सारखी योजना राज्य विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांना मोठ्या संस्थांत काम करू देते. शाळेचा शिक्षक या दाराशी आला की पात्रतेचा रकाना त्याला परत पाठवितो.

सुट्टीचा प्रश्न मोठा असल्याचे नेहमी सांगितले जाते. शिक्षकांची हक्काची सुट्टी का हिरावता? आक्षेप रास्त आहे, परंतु नियमात त्याची सोय आहे. केंद्रीय रजा नियम १९७२ मधील अठ्ठाविसावा नियम सांगतो की सुट्टीच्या विभागातील कर्मचाऱ्याने जितकी सुट्टी उपभोगली नाही, तितक्या प्रमाणात त्याला तीस दिवसांपैकी अर्जित रजा मिळावी. वर्षाची एकूण सुट्टी साठ दिवसांची धरली आणि बेचाळीस दिवस प्रयोगशाळेत गेले, तर एकवीस दिवसांची अर्जित रजा खात्यावर जमा व्हावयास हवी. दिल्लीत २०२५ साली उन्हाळी सुट्टी ११ मे ते ३० जून होती. सहा आठवडे तिच्यात बसतात. अडचण नियमाची नाही. अडचण ही आहे की तो आदेश काढावा असे कोणालाच वाटत नाही, आणि तोच शिक्षक मतदारयादीच्या कामाला पाठवावयाचा असला की आदेश चोवीस तासांत निघतो.

वैज्ञानिकांना वेळ नाही, हाही आक्षेप ऐकतो. ज्या प्रयोगशाळा उन्हाळ्यात पदवीच्या मुलांना प्रमाणपत्रापुरते सांभाळतात, त्यांना शाळेचा एक प्रौढ, शिस्तीचा, शिकविण्याची सवय असलेला माणूस जड होईल, हे मला पटत नाही.

खरी अडचण हिंदूरावच्या चढावरून दिसते तीच आहे. विद्यापीठ शिक्षण मंत्रालयाचे, मॉल रोडची संस्था सीएसआयआरची, तिमारपूरच्या प्रयोगशाळा संरक्षण मंत्रालयाच्या, रुग्णालय महापालिकेचे, माध्यमिक शाळा दिल्ली शासनाच्या शिक्षण संचालनालयाच्या. तीन-चार किलोमीटरांत पाच मालक. यांतील कोणत्याही दोघांना एकत्र आणावयाचे तर सामंजस्य करार, त्याला विधी विभागाची संमती, वित्त विभागाची सहमती आणि दोन्ही बाजूंस एकेक ‘नोडल अधिकारी’. जानेवारी २०२३ मध्ये शिक्षकांना फिनलंडला प्रशिक्षणासाठी पाठविण्यावरून दिल्ली शासन आणि उपराज्यपाल यांच्यात जाहीर वाद झाला. त्यात कोण बरोबर हे सांगणे माझ्या सेवेच्या आचारनियमांत बसणार नाही. पण फिनलंडवर इतकी शाई खर्च होत असताना मॉल रोडचे नाव त्या वादात कोठेच नव्हते. तेथे जावयास पारपत्र लागत नाही, ई-रिक्षा पुरते.

मी काय सुचवितो, ते अवघड नाही. उत्तर दिल्लीतील पन्नास विज्ञानशिक्षक, एक उन्हाळा, सहा आठवडे, पुढील उन्हाळ्यात पुन्हा तेच पन्नास. संरक्षणाच्या प्रयोगशाळा सुरक्षेमुळे सोडून द्या. विद्यापीठ, मॉल रोड आणि रुग्णालय एवढे पुरेसे आहे. दिल्लीत २०१५ साली डेंग्यूचे १५,८६७ रुग्ण नोंदले गेले होते. पावसाळ्याआधीच्या जूनमध्ये जीवशास्त्राच्या दहा शिक्षकांनी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाबरोबर डासांच्या अळ्या ओळखण्याचे, मोजण्याचे काम केले तर त्यात कमीपणा कोणाला? अर्ज पन्नासांहून अधिक आले तर मुलाखती नकोत, शिफारशी तर नकोतच. पात्र अर्जांतून सोडत काढावी. त्याने वशिला टळेल, आणि ज्यांचे नाव निघाले नाही त्यांच्या वर्गांशी तुलना करता आल्याने कोलंबियाच्या अभ्यासातला निवडीचा दोषही उरणार नाही. खर्च दोन उन्हाळ्यांचा मिळून एक कोटी. मोजणी चौथ्या वर्षी, त्याआधी नाही. आणि करार एकच असावा, दोन पानांचा, ज्यावर पाचांपैकी निदान तीन मालकांनी सही करावी.

हे टिपण मी यापूर्वी, अर्थात योग्य मार्गाने, एका कार्यालयाकडे पाठविले होते. उत्तर आले की विषय चांगला आहे, मात्र तो ‘आपल्या विभागाशी संबंधित नाही’. कोणत्या विभागाशी संबंधित आहे, हे त्या पत्रात नव्हते.