चॅनेल दुकानाचं, चावी कोणाकडे?

तुमच्या दुकानाचं यूट्यूब चॅनेल कोणाच्या जीमेलवर आहे, आज एकदा बघाच. माझं पहिलं चॅनेल दुकानातल्या मुलाने स्वतःच्या जीमेलवर उघडलं होतं. तो काम सोडून गेला, पासवर्डही गेला. २ वर्षांचे व्हिडिओ अजून तिथेच आहेत, दुकानाच्या जुन्या फोन नंबरसकट! चूक त्याची नाही, माझी.

१,००० सबस्क्रायबर कधी होतील याची सगळ्यांना घाई. मालकी कोणी बघत नाही. माझं मत स्पष्ट आहे: चॅनेल दुकानाच्या ईमेलवरच उघडा. मदतनीसाला पासवर्ड देऊ नका. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये ‘परमिशन्स’मधून त्याला एडिटर करा. तो गेला की नाव काढून टाका.

गल्ल्याची चावी आपण कोणाकडे सोडतो का? मग ही का सोडायची?