लाल निशाण आणि आपल्या पाटाचे पाणी

पक्षाचे मोजमाप आपण आमदारांच्या संख्येवरून करतो. ज्याचे कोणी निवडून येत नाही, तो पक्ष चेष्टेचा विषय ठरतो. लाल निशाण पक्षाचे तेच झाले. वर्गातल्या बहुतेक मित्रांनी हे नावही ऐकलेले नाही. मला याचा खेद वाटतो, कारण हा पक्ष मुंबईच्या गिरणगावाइतकाच आपल्या नगर जिल्ह्याचाही होता.

बेचाळीसच्या काळात कम्युनिस्ट पक्षाची भूमिका न पटल्याने एस. के. लिमये, यशवंत चव्हाण आदी मंडळी बाहेर पडली. पुढे शेतकरी कामगार पक्ष, कामगार किसान पक्ष अशी वळणे घेत १९६५ मध्ये लाल निशाण पक्ष उभा राहिला. साखर कामगार, शेती महामंडळाचे मजूर, नगरपालिकांचे झाडूवाले ही त्याची माणसे.

पण मला मोठे वाटतात ते संगमनेर तालुक्यातले दत्ता देशमुख. भंडारदऱ्याचे धरण १९२६ चे. त्याच्या पाण्यावर कोल्हार, लोणी, बेलापूर हा सारा पट्टा उसाने हिरवा झाला. अशा मुलखातला हा माणूस म्हणाला, धरणाचे पाणी बारमाही उसाला न देता आठमाही द्या. खरीप आणि रब्बी एवढेच भिजवा, म्हणजे तेच पाणी कितीतरी अधिक शेतकऱ्यांना पुरेल. वि. म. दांडेकर आणि देऊसकर यांच्याबरोबर त्यांनी हा विचार सरकारपुढेही मांडला. उसाच्या गावात उभे राहून असे बोलणे म्हणजे हातची मते घालवणेच! शिवाय त्यांच्याच पक्षाच्या युनियनचे कामगार उसावर जगत होते. ऊस घटला तर त्यांच्या बोनसचे काय? या पेचाचे समाधानकारक उत्तर पक्षाने दिले, असे मला वाटत नाही. तरीही मूळ म्हणणे खरेच होते.

१९७२ च्या दुष्काळात डाव्या पक्षांनी कामासाठी मोर्चे काढले. रोजगार हमीचा कायदा १९७९ पासून लागू झाला, त्यामागे हाही रेटा होता. माझ्या आजीने त्या दुष्काळात खडी फोडली. पक्ष कोणता हे तिला ठाऊक नव्हते; आठवड्याचा पगार तेवढा ठाऊक होता.

१९८८ मध्ये पक्ष फुटला आणि एका तुकड्याने नावापुढे कंसात ‘लेनिनवादी’ लावले. कंसातल्या एका शब्दासाठी मूठभर माणसांनी वेगळे व्हावे, हे मला कधीच पटणार नाही. १९९४ मध्ये दत्ता देशमुख गेले. २०१७ मध्ये मूळ पक्ष भारतीय कम्युनिस्ट पक्षात विलीन झाला.

जायकवाडीला पाणी सोडायचे म्हटले की आपल्याकडे सगळे पक्ष एका व्यासपीठावर येतात. मराठवाड्याला पाणी देताना आपल्याला अन्याय दिसतो. मात्र आपल्याच चारीच्या टेलला आवर्तनाचे पाणी पोचले का, हे त्या व्यासपीठावरून कोणी विचारीत नाही. विचारणारा एक पक्ष होता, आणि आपण त्याला मते दिली नाहीत.