आजाऱ्याची सेवा हाही धम्मच

काळेवाडीत कमावता माणूस आजारी पडला की कामावर खाडे पडतात, पगार कापला जातो. घरभाडं मात्र थांबत नाही. मग कुणी म्हणतं, नशिबाचे भोग. बौद्धाच्या घरात हा शब्द नको. दुःखाला कारण असतं आणि उपायही असतो, हीच तथागतांची शिकवण.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. हगवणीने आजारी भिक्खू घाणीत पडला होता, कुणी विचारत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतलं, नीट निजवलं आणि आजाऱ्याची सेवा तीच माझी सेवा, असं संघाला बजावलं.

बाबासाहेबांना मधुमेहाने पोखरलं होतं. तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखोंना धम्म दिला. त्या जिद्दीमागे औषधोपचार होते, डॉक्टर असलेल्या माईसाहेबांची देखरेख होती. हिंमत औषधाची जागा घेत नाही.

आपल्या वस्तीतही तेच हवं. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात; बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नयेत. पण वायसीएमच्या रांगेत सोबत कोण उभं राहणार? घरी डबा कोण देणार? विहारात वंदनेनंतर याच्या पाळ्या लावा. आजाऱ्याच्या बायकोला एक रात्र निवांत झोप मिळाली, तरी ते मोठं दान आहे.

जयभीम!