एकच माल, दोन गोदामे



मार्चच्या शेवटच्या आठवड्यात इचलकरंजीहून धाकट्या बंधूंचा दूरध्वनी आला. सुताच्या पेढीचा हिशेब ज्या संगणकावर राहतो, त्यावर वर्षअखेरचा बॅकअप घेण्यास जागा उरली नव्हती. "दादा, दिवाळीत पोराच्या हट्टापायी एक टीबीची नवी ड्राइव्ह बसवली. सगळे गेम तिकडे हलवले म्हणून तो सांगतो. आणि सी ड्राइव्ह तर पूर्वीइतकीच भरलेली! मग याने हलवले काय?"

प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि अगदी नेमका होता. सांगलीहून इचलकरंजी फार दूर नाही. दुसऱ्या दिवशी गेलो आणि जे पाहिले ते येथे सविस्तर मांडतो, कारण पेढीचा आणि घरातील मुलांचा संगणक एकच असण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास आढळतो.

पुतण्याने दिवाळीत केले ते असे. मोटारींच्या शर्यतीचा एक गेम, सुमारे 100 जीबीचा, त्याने सी ड्राइव्हवरून माउसने ओढला आणि डी ड्राइव्हवर नेऊन सोडला. फोल्डर डीवर दिसू लागला आणि काम झाले असे त्याने मानले. येथेच पहिली चूक झाली. विंडोजमध्ये एकाच ड्राइव्हच्या पोटात फोल्डर ओढून नेला, तर तो खरोखर हलतो. परंतु एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर ओढला, तर त्याची केवळ नक्कल होते आणि मूळ फोल्डर जागच्या जागी राहतो. ओढताना शिफ्टची कळ दाबून धरली तरच तो हलतो. हा भेद कित्येक वर्षे संगणक वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसतो; मलाही तो चांगलाच उशिरा कळला.

पण शिफ्ट दाबून फोल्डर नेला असता तरी प्रश्न सुटला नसता. स्टीमसारखा लॉन्चर गेमच्या फाइलींखेरीज त्यांची एक नोंदही ठेवतो. स्टीमच्या 'स्टीमॲप्स' या फोल्डरमध्ये प्रत्येक गेमसाठी 'ॲपमॅनिफेस्ट' नावाची एक लहानशी फाइल असते. कोणता गेम, कोणत्या फोल्डरमध्ये, किती आकाराचा, कोणत्या आवृत्तीचा, हे सारे तीत लिहिलेले असते. खुद्द गेम शेजारच्या 'कॉमन' फोल्डरमध्ये असतो. आपल्या भाषेत बोलायचे तर माल गोदामात आणि नोंद वहीत. मुनिमाला न सांगता हमालांनी गाठी दुसऱ्या गोदामात टाकल्या, तर वही जुन्याच गोदामाचा पत्ता सांगत राहणार. पुतण्याचे नेमके तेच झाले होते. स्टीम पाच महिने सीवरचाच गेम चालवीत होता, नवे अपडेट त्यालाच लावीत होता, आणि डीवरची नक्कल दिवाळीपासून जशीच्या तशी पडून होती.

वडिलांचे शब्द कानी पडल्यावर चिरंजीवांनी मी पोहोचण्यापूर्वीच उपाय आरंभला. सीवरचा गेमचा फोल्डर त्यांनी उडवला. नोंद मात्र शाबूत राहिली. गेम सुरू करताच त्याची मुख्य फाइलच सापडत नसल्याचे स्टीमने कळवले. मग फाइली तपासण्याची आज्ञा दिली. स्टीमने वही पाहिली, गोदाम रिकामे आढळले, आणि इमानेइतबारे रात्रभर सारे 100 जीबी पुन्हा सीवर उतरवून घेतले. सकाळी ड्राइव्ह होती तशी भरलेली. यंत्राचा यात काडीचाही दोष नाही.

अशा वेळी पहिले काम म्हणजे काहीही न पुसणे. लॉन्चर कोणती प्रत वापरतो हे आधी पाहावे. स्टीममध्ये गेमच्या नावावर उजवी कळ दाबून 'मॅनेज' आणि त्यात 'ब्राउझ लोकल फाइल्स' निवडले, की जो फोल्डर उघडतो तीच नोंदीतील प्रत. दुसरी कितीही नवी वा जागच्या जागी दिसली, तरी ती बेवारस होय. मग 'सेटिंग्ज'मधील 'स्टोरेज' या विभागात जाऊन डी ड्राइव्ह जोडावी, म्हणजे तेथे स्टीमचे स्वतःचे दुसरे गोदाम उभे राहते. सीच्या यादीत गेमवर खूण करून 'मूव्ह' म्हटले, की स्टीम माल नेतो, नोंद फिरवतो आणि जुनी जागा मोकळी करतो. पेढीवर हे काम अर्ध्या तासात उरकले, इंटरनेटचा एक थेंबही खर्च न होता. त्यानंतरच दिवाळीतील बेवारस नक्कल पुसली.

नोंदीतील प्रत बिघडलेली असेल आणि बेवारस प्रत धडधाकट असेल, तर मार्ग थोडा निराळा. स्टीममधूनच गेम अनइन्स्टॉल करावा. धडधाकट फोल्डर डीवरील 'स्टीमलायब्ररी', तीत 'स्टीमॲप्स', तीत 'कॉमन' येथे ठेवावा. फोल्डरचे नाव मूळ नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. मागे 'कॉपी' किंवा आकडा चिकटलेला चालत नाही. मग इन्स्टॉल म्हणून डी ड्राइव्ह निवडावी. स्टीम तेथे असलेल्या फाइली तपासून घेतो आणि उणे असेल तेवढेच उतरवतो. विंडोज नव्याने टाकल्यावर डीवरचे जुने गेम स्टीमला दिसेनासे होतात, तेव्हाही घाबरून पुन्हा डाउनलोड करू नये. 'स्टोरेज'मध्ये ती ड्राइव्ह जोडली की तेथील नोंदी वाचून तो गेम ओळखतो.

एपिक गेम्सच्या लॉन्चरची वही मालाजवळ नसते. ती सी ड्राइव्हवरील 'प्रोग्रामडेटा'त असते, त्यामुळे फाइली कोठेही नेल्या तरी त्याला पत्ता लागत नाही. तेथे नव्या जागी इन्स्टॉल सुरू करून काही क्षणांनी थांबवावे, जुन्या फाइली त्या फोल्डरमध्ये घालाव्यात आणि काम पुढे चालू करावे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेल्या गेमला मात्र हाताने शिवूच नये. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये ॲपच्या यादीत 'मूव्ह'ची सोय असते, तिनेच तो हलवावा. 'विंडोजॲप्स' या फोल्डरची मालकी स्वतःकडे ओढून घेण्याच्या युक्त्या मुले एकमेकांना शिकवतात. त्यांतून नवी दुखणीच निघतात.

हिशेबाचा बॅकअप दुपारी झाला. बंधू निश्चिंत झाले आणि चहा आला. येथवर सारे ठीक होते.

संध्याकाळी धाकटी पुतणी शाळेतून आली, तिने मायनक्राफ्ट उघडले आणि ती गप्प झाली. जगांची यादी कोरी होती.

पुतण्याने आदल्या रात्री जागेच्या शोधात आणखी एक फोल्डर पुसला होता. मायनक्राफ्टची जावा आवृत्ती आपला संसार सी ड्राइव्हवरील 'ॲपडेटा'मध्ये, 'डॉट मायनक्राफ्ट' नावाच्या फोल्डरमध्ये मांडते, आणि मुलांनी रचलेली जगे त्यातील 'सेव्ह्ज'मध्ये असतात. हा फोल्डरही त्याने दिवाळीत डीवर ओढला होता. साहजिकच तो सीवरही राहिला, आणि लॉन्चर तोच वापरीत राहिला. "काका, डीवर आहेच की, म्हणून सीवरचा काढला," असे तो म्हणाला. शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून काढला होता, म्हणजे रिसायकल बिनमध्येही तो गेला नाही. सी ही एसएसडी. अशा ड्राइव्हवर पुसलेली जागा विंडोज 'ट्रिम' या आज्ञेने मोकळी जाहीर करते आणि मग तेथील मजकूर परत मिळण्याची आशा जवळजवळ उरत नाही. मी प्रयत्न केला. हाती काही लागले नाही.

दिवाळीत त्या दोन प्रती सारख्या होत्या. त्यानंतर पुतणी रोज एकीतच खेळत गेली. मार्चमध्ये त्यांना एकमेकींची नक्कल म्हणणे चूक होते.

तिने त्या पाच महिन्यांत आमचा शिरोळ तालुक्यातील जुना वाडा रचला होता. 2019 च्या महापुरात त्याच्या मातीच्या भिंती बसल्या. तेव्हा ती एवढीशी होती, तिला वाडा आठवतही नाही. आमच्या मातोश्री तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसत आणि सांगत: येथे सोपा, येथे माजघर, येथे धान्याची कणगी. डीवरच्या प्रतीत केवळ जोते आणि दिंडी दरवाजा होता.

म्हणून वाचकांना, विशेषतः घरातील तरुणांना, विनंती आहे. गेमच्या फाइली पुन्हा उतरवता येतात. खेळणाऱ्याने केलेले काम उतरवता येत नाही. ते बहुधा गेमच्या फोल्डरमध्ये नसतेच. 'डॉक्युमेंट्स'मधील 'माय गेम्स', 'सेव्ह्ड गेम्स', आणि लपवलेला 'ॲपडेटा' ही त्याची नेहमीची ठिकाणे असून गेम दुसऱ्या ड्राइव्हवर नेला तरी ते सीवरच राहते. स्टीम पुष्कळ गेमचे हे काम आपल्या क्लाउडवर जपतो, पण सर्वच गेमचे नव्हे. कोणताही संशयित फोल्डर थेट पुसू नये. त्याच्या नावापुढे 'जुना' एवढे लिहावे आणि आठवडाभर घरातील प्रत्येकाला आपापला खेळ खेळू द्यावा. कोणाचे काही अडले, तर नाव पूर्ववत करण्यास एक क्षण लागतो. दोन प्रतींत निवड करायची असेल, तर आतील फाइलींच्या शेवटच्या बदलाची तारीख पाहावी. दिवाळीची तारीख आणि मार्चची तारीख यांतील फरक त्या मुलालाही सहज दिसला असता.

मी दिवाळीतील जग पुन्हा जागेवर ठेवले, त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह पुतणीच्या हाती दिला. पुतण्याने रोज तासभर तिच्या हाताखाली दगड वाहण्याचे कबूल केले आहे. मातोश्रींनी पुन्हा खुर्ची ओढली. विहिरीपाशी मात्र वाद झाला. पहिल्या वेळी आजीने ती परसात डाव्या हाताला सांगितली होती असे पुतणी म्हणते. आता आजी उजव्या हाताला सांगतात. दोघींनी माझ्याकडे पाहिले. माझे बालपण त्या वाड्यात गेले, पण मलाही खात्रीने सांगता आले नाही.