शिळ्या व्याकरणाची संगणक-दीक्षा

खर्डा म्हटले की मराठी मनाला ११ मार्च १७९५ ची लढाई आठवते. त्या दिवशी निजामाच्या बाजूला रेमंडच्या कवायती पलटणी होत्या आणि मराठ्यांकडे शिंद्यांचे कंपू. महादजींनी द बॉयनकडून हे कंपू घडवून घेतले, कारण रणांगणावर त्या काळी काय चालते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आज त्याच खर्डा-जामखेड परिसरातील मुले संगणक शिकण्यासाठी अहिल्यानगर, पुण्याची वाट धरतात. शेतीच्या बेभरवशी उत्पन्नातून वडील शुल्क भरतात. त्या पैशाच्या मोबदल्यात मुलाच्या पदरात काय पडते?

प्रस्तुत लेखक कला शाखेचा. परंतु भाषा कशी शिकवू नये हे कळण्यास तेवढे पुरते. बोर्लंड कंपनीचे टर्बो सी १९८७ चे, टर्बो सी प्लस प्लस १९९० चे. १९९८ साली सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले आणि प्रोग्रामच्या आरंभीच्या ओळीदेखील बदलल्या. आपल्याकडे मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे 'व्हॉइड मेन' आणि 'आयोस्ट्रीम डॉट एच' हेच मंगलाचरण म्हणून घोकले गेले. नव्या संगणकावर टर्बो चालेना, तेव्हा डॉसचे सोंग आणणारे सॉफ्टवेअर बसवून त्यात ते चालवण्याचा खटाटोप झाला. पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७, असे पाठ केलेला मुलगा आजच्या संगणकावर बसतो, तेव्हा तेथे ती सामान्यतः दोन अब्जांच्या पलीकडे असते.

त्याहून गंभीर गोष्ट प्रश्नपत्रिकांची. एकाच ओळीत एका चलाची किंमत दोनदा वाढवायची आणि 'उत्तर काय येईल?' असे विचारायचे, हा परीक्षकांचा आवडता प्रश्न. सी भाषेच्या १९८९ च्या मानकानुसार अशा ओळीला निश्चित अर्थच नाही. निरनिराळे कंपायलर निरनिराळी उत्तरे देऊ शकतात. तरीही 'बरोबर' उत्तराला गुण मिळतात. ज्या विद्यार्थ्याने खरोखर विचार केला, तोच येथे नापास व्हायचा!

नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी'ने इंग्रजीला बिचकणाऱ्या हजारो मुलांना धीर दिला, हे मान्यच केले पाहिजे. पण अशा पुस्तकांच्या यशामागे गाइडांची जी फौज आली, तिने समजावणे सोडून केवळ उत्तरे पुरवली. 'साधन जुने असले तरी संकल्पना त्याच,' असे प्राध्यापक सांगतात. यात तथ्य आहे. बारावीच्या अभ्यासक्रमात दीर्घकाळ राहिलेला ८०८५ हा प्रोसेसर १९७६ चा. पण तो लहान असल्यामुळे यंत्राचे अंतरंग त्यावर चांगले उलगडते. कालबाह्य साधन क्षम्य आहे, चुकीचे व्याकरण नव्हे.

रामः रामौ रामाः घोकून संस्कृत बोलता येत नाही, हे आपण संभाषण वर्गांतून अनुभवले आहे. संगणकाच्या भाषेचेही तेच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी परिच्छेद उमगला नाही की तो प्रोग्राम पाठ करतो आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवतो. चूक स्वतः शोधून दुरुस्त करण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही आणि नोकरीच्या मुलाखतीत नेमके तेच विचारतात.

पैशाची सबब येथे टिकत नाही. जीसीसी हा कंपायलर विनामूल्य आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसचे पाठ मराठीतही आहेत. अडते ते प्रश्नपत्रिकेपाशी. ती बदलली की गाइडे महिन्याभरात बदलतील, प्रकाशक तेवढे चतुर असतातच. कागदावर उत्तर लिहिण्याऐवजी चुकलेला प्रोग्राम यंत्रावर दुरुस्त करायला लावणारी परीक्षा विद्यापीठांनी आणि मंडळाने घ्यावी. शिक्षकांना त्यासाठी दर उन्हाळ्यात प्रशिक्षण द्यावे.

तोवर पालकांनी एवढे करावे: मुलाची प्रात्यक्षिकाची वही उघडावी, त्यातील एक प्रोग्राम निवडावा आणि तो काय करतो हे मराठीत सांगायला लावावे.