जगलेल्या रोपाला पैसे मिळतात, राखलेल्या माळाला का नाही?

प्रति,
मा. मुख्य वनसंरक्षक,
बेळगाव वनवृत्त, कर्नाटक वन विभाग

महोदय,

2011-12 साली सुरू झालेल्या कृषी अरण्य प्रोत्साह योजनेने एक चांगला पायंडा पाडला. शेतकऱ्याने खात्याच्या रोपवाटिकेतून सवलतीच्या दरात रोपे न्यायची, शेतात किंवा बांधावर लावायची, आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागे पहिल्या वर्षी 35, दुसऱ्या वर्षी 40, तिसऱ्या वर्षी 50 रुपये घ्यायचे. हेक्टरी 400 रोपे जगवणाऱ्याच्या हाती तीन वर्षांत 50,000 रुपये पडतात. खड्डे किती मारले हे न विचारता झाडे किती जगली हे विचारणारी सरकारी योजना विरळाच. निलगिरी, ॲकेशिया, सिल्व्हर ओक यांना त्यात प्रोत्साहन नाही, हेही योग्य झाले.

हे पत्र त्या योजनेच्या विरोधात नाही. ती जिथे थांबते, तिथून पुढे तिने चालावे एवढ्यासाठी आहे.

निपाणी भागात वेदगंगा-दूधगंगेच्या काठची काळी जमीन तंबाखूची आणि उसाची. पाणी पोचेल तिथवर ऊस चढत गेला, तसे बांध अरुंद झाले आणि बांधावरची बाभूळ, बोर, करंज तुटली. राहिला तो वरचा मुरमाड माळ. उताऱ्यावर त्याची नोंद पडीक. पण चंडोल आणि माळटिटवी अंडी घालतात ती याच उघड्या जमिनीवर, खोकड बीळ उकरते ते इथेच, आणि उन्हाळ्यात गावच्या शेरडामेंढरांना आधार असतो तोही इथल्याच गवताचा. या माळाच्या मालकाने तिथे 400 रोपे लावली, तर त्याला खात्याचे पैसे मिळतात. त्याने माळ माळच ठेवला, घाणेरी उपटून काढली, वणवा लागू दिला नाही, बी झडेपर्यंत गवताला विळा लावला नाही, तर त्याला एक रुपयाही मिळत नाही. उघड्या माळावर दाट झाडी उभी केली की चंडोल तिथून जातो. म्हणजे सद्हेतूने दिलेले अनुदानच एका अधिवासाच्या मुळावर येऊ शकते. माळाला ओसाड समजण्याची सवय इंग्रजी अमदानीतल्या महसुली दफ्तरापासूनची आहे. वन विभागाने तरी ती आता सोडावी.

खानापूर तालुक्यातले चित्र याच्या अगदी उलट, पण अडचण तीच. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, देगावच्या रानात म्हादई. 2011 साली सुमारे 190 चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य झाले. तिथल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधून 1913 साली राटनचे वटवाघूळ विज्ञानाला प्रथम कळले, आणि पुढे कित्येक दशके जगात त्याचे हे एकच ठिकाण माहीत होते. अभयारण्याची हद्द नकाशावर संपते. गवा आणि हत्ती तिथे थांबत नाहीत. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या मालकीच्या रानातून आणि भातखाचरांमधून त्यांची वाट जाते. गव्याने भात खाल्ला तर पंचनामा होऊन भरपाई मिळते. मात्र त्याच शेतकऱ्याने खाचराच्या वरचे आपले जांभूळ-हिरड्याचे रान काजूसाठी साफ न करता राखले, तर त्याची दखल घेणारा रकाना कोणत्याही अर्जात नाही. नुकसान मोजले जाते, राखण मोजली जात नाही.

खासगी जमिनीवर रान राखता येते, याचा पुरावा याच भागात आहे. चोर्ला घाटात खाणीसाठी विकली जाऊ पाहणारी सुमारे 450 एकर जमीन कॅप्टन नितीन धोंड यांनी घेतली. स्वप्नगंधा नावाचे ते खोरे आज हिरवे आहे. कोडगूत पामेला आणि अनिल मल्होत्रा यांनी 1991 पासून सोडून दिलेल्या शेतजमिनी विकत घेत सुमारे 300 एकरांवर जंगल परत येऊ दिले. दोन्ही कामे मोलाची. पण त्यामागे जमीन विकत घेण्याची ऐपत होती. दीड-दोन एकरांच्या शेतकऱ्याला त्या वाटेने जाता येणार नाही. 2018 साली राज्याने खासगी वन्यजीव क्षेत्रांसाठी नियमांचा मसुदा काढला, त्यातही किमान 100 एकरांची अट होती. खानापूर-निपाणीत अशी सलग जमीन किती जणांकडे असेल? तो मसुदा मोठ्या जमीनदारांच्या पर्यटनासाठी होता असा आक्षेप घेतला गेला आणि तो मागे पडला, हे बरेच झाले.

छोट्या मालकाचे उदाहरण हवे असेल, तर ते खात्याच्याच दप्तरात आहे. मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेळ्ळूर गावात झोळीवाले पाणकोळी आणि चित्रबलाक घरांशेजारच्या चिंचेवर, उंबरावर घरटी करतात. घरटी असताना चिंचा झोडता येत नाहीत, मालकाचे उत्पन्न बुडते. 1976 साली वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी तिथल्या पक्ष्यांचा अभ्यास केला आणि झाडाच्या मालकाला त्या बुडालेल्या उत्पन्नाचा मोबदला देण्याची पद्धत घातली. झाड मालकाचेच राहिले, पक्षीही राहिले. 2007 साली ते गाव समुदाय राखीव क्षेत्र झाले. खासगी व्यक्ती स्वेच्छेने पुढे आली तर तिच्या जमिनीवर असे क्षेत्र जाहीर करण्याची सोय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने झालेली आहे. उभ्या झाडाचा मोबदला मंड्यात देता येतो, तर खानापुरात का देता येऊ नये?

पैशाइतकीच मोठी अडचण भीतीची आहे, आणि ती निराधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन निकालात जंगल या शब्दाचा कोशातला अर्थ धरला, मालकी कोणाचीही असो. त्यानंतर मानीव वनांचा, म्हणजे नोंदीत वन नसूनही वन धरलेल्या जमिनींचा, घोळ कर्नाटकात पंचवीस वर्षे चालला. 9.94 लाख हेक्टरांचा आकडा 2022 मध्ये 3.30 लाखांवर आला. शेजारच्या महाराष्ट्रात तर 1975 च्या कायद्याने खासगी वनेच सरकारजमा झाली होती. चंदगड-आजऱ्याच्या सोयऱ्याधायऱ्यांकडून त्या आठवणी सीमेअलीकडेही पोचल्या आहेत. त्यात 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने स्वतःच्या शेतातले झाड तोडायलाही परवानगी लागते. रान वाढू दिले तर उद्या जमीनच हातची जाईल, असे वाटणारा माणूस दर दोन वर्षांनी कोयता चालवून ती साफ ठेवणारच.

अमेरिकेत नेमके हेच घडत होते. नॉर्थ कॅरोलिनातल्या सँडहिल्स भागात पांढऱ्या गालांचा दुर्मिळ सुतार पक्षी आला की निर्बंध येतील, म्हणून जमीनमालक पाइनची जुनी झाडे आधीच तोडून टाकत. 1995 साली सरकारने त्यांच्याशी करार सुरू केले: तुम्ही अधिवास सुधारा, पक्षी वाढले तरी वाढीव निर्बंध तुमच्यावर येणार नाहीत. मालकांनी झाडे राखायला सुरुवात केली. कोस्टा रिकाने 1996 च्या वनकायद्याने याच्याही पुढे जाऊन, इंधनावरच्या करातून, खासगी जंगल राखणाऱ्यांना थेट पैसे देणे सुरू केले.

तेव्हा बेळगाव वनवृत्ताने राज्य सरकारकडे एक प्रस्ताव पाठवावा, ही विनंती. खानापूर तालुक्यातली भीमगडलगतची काही गावे आणि निपाणी-चिकोडीतले काही माळ निवडून पाच वर्षांचा प्रयोग व्हावा. मोबदला क्षेत्रावर आणि राखणीवर ठरावा, रोपांच्या संख्येवर नको. माळासाठी वेगळे निकष असावेत आणि ते ठरवताना मेंढपाळांना बोलवावे. अर्धा एकरही पात्र धरावा. करारात स्पष्ट लिहावे की मुदत संपल्यावर जमिनीचा दर्जा बदलणार नाही आणि मालकी अबाधित राहील. हा करार आणि अर्ज कन्नडबरोबर मराठीतही छापावा. जमिनीच्या कागदावर सही करणाऱ्याला त्यातली प्रत्येक ओळ स्वतः वाचता आली पाहिजे. या भागात जमिनीच्या कागदांबद्दलचा संशय दूर करायला दुसरा उपाय नाही.

पहिल्या हप्त्याची वेळही महत्त्वाची. काजूसाठी रान साफ करण्याचा निर्णय उन्हाळ्यात होतो आणि माळाला वणवे लागतात तेही फेब्रुवारी ते मे या काळात. म्हणून पैसे जानेवारीअखेर खात्यावर जमा व्हावेत आणि तपासणी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये व्हावी.