न दुखणारा चट्टा आधी दाखवा

रायपूरच्या बीरगांव, उरला, सिलतरा, भनपुरी या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही कळकळीची विनंती आहे. आज अंघोळीच्या वेळी स्वतःचं आणि घरातल्या प्रत्येकाचं अंग उजेडात नीट पाहा. पाठ, दंड, मांड्या, कुल्ले, चेहरा, काही सोडू नका. आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला, तर त्या माणसाला डोळे मिटायला सांगा आणि चट्ट्यावर पेनाचं टोक हलकेच टेकवा. कुठे टेकलं ते त्याला कळलं नाही, तर उद्या सकाळी सरकारी दवाखाना गाठा. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून महिनोन् महिने तसाच राहतो. कुष्ठरोगाची ओळख नेमकी त्याच्या न दुखण्यात आहे.

हो, कुष्ठरोग. हा आजार संपला असं आपल्यापैकी अनेकांनी मनाशी धरून ठेवलं आहे. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात, आणि ज्या राज्यांत हा रोग अजून घट्ट बसला आहे त्यांत छत्तीसगड वरच्या रांगेत आहे. विदर्भाचा पूर्व भागही त्याला जुना परिचित आहे. गोंदिया, आमगाव, भंडाऱ्याहून रेल्वेने रायपूरला यायला काही तास लागतात. माणूस येतो, रोलिंग मिलमध्ये किंवा स्पंज आयर्नच्या कारखान्यात लागतो, चार-पाच जणांबरोबर एका खोलीत राहतो. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातून बाहेर पडणाऱ्या जंतूंचा दीर्घ सहवास ही लागण होण्याची मुख्य वाट मानली जाते. अशा खोलीत तो सहवास आयताच मिळतो.

बीरगांवला घाई करायला हवी, याचं कारण इथलं कामही आहे. कोपराजवळून जाणाऱ्या नसेला या जंतूने गाठलं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. कागदपत्रांची कामं करणाऱ्याला ते उशिरा कळेल, पण तापलेल्या सळईशी काम करणाऱ्याचा हात भाजतो आणि त्याला पत्ताच नसतो. फोड येतो, फुटतो, चिघळतो. तो चिंधी गुंडाळून कामावर जातो, कारण खाडा पडला तर मजुरी बुडते. असं चारदा झालं की बोट आखूड होतं. बोटं रोगाने झडतात ही समजूत खोटी आहे. ती भाजण्याने, कापण्याने आणि दुर्लक्षाने जातात. पायाचंही तेच. चप्पल पायातून निसटली आणि कळलंच नाही, असं कुणी हसत सांगितलं तर हसू नका, त्याला दवाखान्यात न्या.

या रोगाचं औषध हाती यायला किती काळ गेला, ते आपण विसरलो आहोत. नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 मध्ये जंतू पाहिला. पण तो जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत काही केल्या वाढेना, आजही वाढत नाही. जंतू वाढत नसेल तर औषध कशावर तपासायचं? कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकायला गेलेल्या बाबा आमटे यांनी या अडचणीपायी स्वतःच्या अंगात जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही. होण्याची शक्यताही कमीच होती, कारण बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला मुळात जागाच देत नाही. त्या धैर्याचा आपण गौरव करतो. मात्र त्यांनी मागे ठेवलेला धडा, म्हणजे या रुग्णाला हात लावायला भिण्याचं कारण नाही हा, अजून आपल्या अंगी बाणलेला नाही.

कोंडी फुटली ती 1960 मध्ये. अमेरिकेतल्या शेपर्डने उंदराच्या पायाच्या तळव्यात हा जंतू वाढवून दाखवला. तळवाच का? या जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो. आपल्याकडेही तो नाक, कानाच्या पाळ्या, हातपाय धरतो तो त्याचमुळे. पुढे आर्माडिलो नावाचा खवल्यांचा प्राणी कामी आला, कारण त्याचं शरीरच थंड. दुसरी गोष्ट कळली ती याच्या संथपणाची. साधे जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. याला एकाचे दोन व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून लागण आज झाली तर चट्टा सरासरी 5 वर्षांनी दिसतो, कधी 20 वर्षांनीही. ‘आमच्या गावी कुणाला नव्हता, मग मला कसा?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

त्या उंदरांनी एक धोकाही दाखवला. 1940 च्या दशकापासून डॅप्सोन ही एकच गोळी वर्षानुवर्षं दिली जात होती. मलेशियातल्या रुग्णांचे जंतू उंदरांवर तपासून पेटिट आणि रीस यांनी 1964 मध्ये सिद्ध केलं की जंतू डॅप्सोनला दाद देईनासा झाला आहे. मग एकाच वेळी अनेक औषधांचा मारा करायचं ठरलं. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन. यातलं क्लोफाझिमिन डब्लिनमध्ये क्षयरोगासाठी शोधलं गेलं होतं आणि इकडे उपयोगी पडलं. संशोधनाचा रस्ता असाच वाकडातिकडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये या बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. भारतात तो सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत राबवला गेला, त्यांत आपला वर्धा होता.

वर्ध्याचं नाव आलं ते योगायोगाने नव्हे. मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभारलं. 1951 मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं, आणि डॉ. वारदेकरांनी तिथे रुग्णाची वाट पाहत बसण्याऐवजी घरोघर जाऊन पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. प्रयोगशाळेने औषध दिलं, पण रुग्ण शोधायची रीत वर्ध्याच्या खेड्यांतून फिरलेल्या माणसांनी दिली. छत्तीसगडचाही या मराठी परंपरेशी थेट संबंध आहे. स्वतः कुष्ठरोगी असलेल्या सदाशिवराव कात्रे यांनी 1962 मध्ये चांप्याला भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट 1972 मध्ये तिथे आले आणि 2019 मध्ये देह ठेवेपर्यंत तिथेच राहिले. आदल्या वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती.

मग घोडं अडलं कुठे? 2005 च्या अखेरीस देशातलं रुग्णांचं प्रमाण दर 10,000 लोकांमागे एकाच्या खाली आलं आणि ‘निर्मूलन झालं’ असं जाहीर झालं. माझ्या मते त्या शब्दाने मोठं नुकसान केलं. आकडा देशाच्या सरासरीचा होता. छत्तीसगड त्या रेषेच्या वरच राहिलं. घरोघरची तपासणी सैलावली. 2016 पासून शोधमोहिमा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा लपलेले रुग्ण हजारोंनी सापडले. लहान मुलांमध्ये नवा रुग्ण सापडतो, याचा अर्थ लागण थांबलेली नाही.

आता हातात आणखी एक साधन आहे, आणि तेही प्रत्यक्ष वस्त्यांमधल्या संशोधनातून आलेलं. बांगलादेशात रुग्णांच्या 21,000 हून अधिक घरच्या आणि शेजारच्या माणसांवर अभ्यास झाला. निम्म्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस दिला, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आले: पहिल्या दोन वर्षांत डोस घेतलेल्यांमध्ये रोगाचं प्रमाण 57 टक्क्यांनी कमी होतं. भारताने 2018 मध्ये हा डोस कार्यक्रमात घेतला. तो देण्याआधी क्षयाची लक्षणं, गरोदरपण, यकृताचा त्रास विचारतात. तेव्हा खरं सांगा.

पण हा डोस कुणाला द्यायचा? रुग्णाने आपल्या खोलीतल्या, घरातल्या माणसांची नावं दिली तरच ते ठरणार. इथे सगळं अडतं. घरमालक खोली खाली करायला लावेल, ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल, बहिणीचं लग्न मोडेल, ही भीती खरी आहे आणि ती रुग्णाने निर्माण केलेली नाही. म्हणून माझी निम्मी विनंती निरोगी माणसांना आहे. घरमालकांनो, उपचाराचे पहिले डोस पोटात गेले की रुग्णापासून लागण होण्याचा धोका जवळपास संपतो. त्याला बाहेर काढाल तर तो गोळ्या सोडून दुसऱ्या वस्तीत जाईल आणि उरलेल्या खोल्या तपासायच्या राहतील. ठेकेदारांनो आणि सुपरवायझर मंडळींनो, बधिर हाताच्या माणसाला भट्टीपासून दूरचं काम द्या, जाड हातमोजे द्या, त्याची नोकरी राखा. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण 2019 मध्ये कायद्यातून काढून टाकलं आहे, हेही घरात मोठ्याने सांगा.

ज्यांचं औषध सुरू आहे त्यांनी रोगाच्या प्रकाराप्रमाणे 6 किंवा 12 महिने पुरे करा. रिफाम्पिसिनने लघवी लाल होते, ते रक्त नसतं. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. औषध संपल्यावर ती हळूहळू पूर्ववत होते. मधेच चट्टे लाल होऊन सुजले, नसा ठणकल्या, ताप आला, तर गोळ्या बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण त्या दिवसांत नस वाचवता येते, नंतर नाही. रोवणीला किंवा दिवाळीला गावी जाणार असाल तर आधी कळवा, पुढच्या गोळ्यांची पाकिटं आणि चिठ्ठी बरोबर घ्या.

मितानिन, म्हणजे वस्तीतली आरोग्य कार्यकर्ती, दारात आली तर तिला ‘आमच्याकडे असलं काही नाही’ म्हणून परत पाठवू नका. बाईमाणसांची तपासणी बायकाच करतात. ती आली नाही तर तुम्ही जा. बीरगांवच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी होते, आणि रायपुरातच लालपूरला कुष्ठरोगाची केंद्र सरकारची प्रादेशिक प्रशिक्षण व संशोधन संस्था आहे. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. चट्टा असेल तर याच आठवड्यात दाखवा.